चर खणण्याआधी: कोरडवाहू गावाची हवामान-जोखीम कशी तपासायची

पाणलोटाचे काम बहुतेक गावांत नकाशापासून सुरू होते. नाला कुठून वाहतो, उतार किती, गट नंबर कोणाचा, हे पाहिले की लगेच बांध, चर आणि रोपांची संख्या ठरते. हवामान बदलाला तोंड देण्याचा आराखडाही त्याच सवयीने केला जातो, आणि तिथेच तो फसतो. पाणलोटाचा प्रश्न असतो, पाणी कुठे अडवायचे. इथला प्रश्न निराळा आहे. पाऊस बिघडला की या गावात फटका कोणाला बसतो, कशातून बसतो, आणि त्यातून उठायला त्या घराला किती दिवस लागतात? याचे उत्तर हातात नसताना आखलेला 'निसर्गाधारित उपाय' कधीकधी गावातल्या सर्वांत कमकुवत माणसाच्याच मुळावर येतो.

पुढची पद्धत पर्जन्यछायेतल्या गावांसाठी आहे: मराठवाडा, सोलापूर, अहिल्यानगरचा दक्षिण भाग, सांगली-साताऱ्याचा पूर्व पट्टा. पाऊस ५०० ते ७०० मिमी, खाली बेसॉल्टचा काळा खडक, ओलिताला विहीर किंवा बोअर. कोकणात किंवा मेळघाटात ती जशीच्या तशी चालणार नाही.

कधी जायचे

दोन फेऱ्या कराव्या लागतात. पहिली दसऱ्याच्या आधी, दुसरी मे महिन्यात. नोव्हेंबर ते मार्च या काळात सर्वेक्षण केले, तर ऊसतोडीला गेलेली घरे बंद असतात आणि मेंढपाळ वाड्यांसह बाहेर असतात. म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप, तेच कागदावर येत नाहीत. अनेक आराखड्यांत स्थलांतराचे प्रमाण कमी दिसते ते याच कारणाने. शिवाय विहिरींचे पाणी दसऱ्याला सर्वांत वर आणि मे महिन्यात सर्वांत खाली असते. हे दोन्ही आकडे पुढे लागणार आहेत.

नकाशेही दोन लागतात: गाव नकाशा आणि सूक्ष्म पाणलोटाचा नकाशा. दोन्हींच्या हद्दी क्वचितच जुळतात. वरच्या गावाने नाल्यावर काय केले आहे हे न बघता खालच्या गावाचा हिशेब मांडणे व्यर्थ.

पाऊस: बेरीज नको, खंड मोजा

महसूल मंडळाच्या केंद्रावरची 'महावेध'ची (स्वयंचलित हवामान केंद्रांच्या जाळ्याची) रोजची आकडेवारी आणि तालुक्याच्या जुन्या पर्जन्यमापकाच्या नोंदी मिळवा. तीस वर्षांच्या मिळाल्या तर उत्तम. त्यातून वार्षिक सरासरी काढून थांबू नका. सरासरीइतका पाऊस पडूनही खरीप आणि रब्बी दोन्ही गेलेली वर्षे त्यात सापडतील. प्रत्येक वर्षासाठी चार गोष्टी काढा: पावसाचे दिवस (२.५ मिमी किंवा जास्त), जून ते सप्टेंबरमधले सलग कोरडे दिवस, ६५ मिमीपेक्षा जास्त पावसाचे दिवस, आणि १५ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबरचा पाऊस.

खंड किती दिवसांचा झाला की 'वाईट' म्हणायचे, हे जमीन ठरवते. फूटभर खोलीच्या हलक्या, मुरमाड जमिनीत पिकाला मिळू शकेल असे पाणी साधारण ३० ते ४५ मिमी मावते. फुलोऱ्यातले सोयाबीन दिवसाला ४-५ मिमी ओढते. म्हणजे आठ-दहा दिवसांत पीक माना टाकणार. तोच खंड तीन फूट काळ्या जमिनीतल्या तुरीला जाणवतही नाही. म्हणून 'गावात २१ दिवसांचा खंड पडला' हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या जमिनीवर पडला, ते सोबत लिहा. हलकी जमीन बहुधा माळाकडच्या अंगाला असते आणि ती कोणाच्या वाट्याला आली आहे, हे गावात वेगळे विचारावे लागत नाही.

एक अडचण नेहमीची. मंडळाचे केंद्र दहा-पंधरा किलोमीटर लांब असू शकते, आणि वळवाचा पाऊस बांधाच्या या बाजूला पडतो, त्या बाजूला नाही. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मोकळ्या आवारात साधा पर्जन्यमापक बसवा, झाडापासून आणि भिंतीपासून लांब. रोज सकाळी साडेआठला नोंद. या वर्षी त्याचा उपयोग नाही; तीन वर्षांनी आहे.

आकडे झाले की माणसांकडे वळा. विचारताना महिन्यांपेक्षा नक्षत्रांची भाषा धरली तर उत्तरे नेमकी येतात. "मृगात पेरणी किती वर्षांपूर्वीपर्यंत व्हायची?", "हस्ताने कोणत्या साली मारले?" ज्वारीची पेरणी हस्ताच्या आगेमागे होते. तेव्हाच अतिवृष्टी झाली तर वाफसा येत नाही, पेरणी दिवाळीकडे सरकते आणि कडबा कमी पडतो. ही साखळी पावसाच्या तक्त्यात दिसत नाही. आठवणीच्या खुंट्या म्हणून १९७२, २००३, २०१२-१३, २०१५-१६, २०१८ आणि २०२३ ही दुष्काळाची साले, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट, २०१९ चा परतीचा पाऊस आणि २०२५ च्या सप्टेंबरमधले पूर धरा. प्रत्येक सालाला एकच प्रश्न: त्या वर्षी घरातून काय विकले? बैल, शेळ्या, दागिने, जमीन? की काहीच नाही? 'त्रास झाला का' या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. 'काय विकले' याचे उत्तर मात्र घराघरात बदलते, आणि असुरक्षिततेचे मोजमाप तिथे होते.

पाण्याचा ताळेबंद

गावातल्या सगळ्या विहिरींची यादी करा. निवडक विहिरींवर भागवू नका. प्रत्येकीच्या कठड्यावर रंगाने खूण करून तिथूनच टेपने पाण्याची पातळी मोजा, दसऱ्याला आणि मे महिन्यात. पंप चालू असेल किंवा नुकताच बंद केला असेल तर ती नोंद बाद. पहाटे मोजलेली पातळी सर्वांत भरवशाची. जवळपास भूजल सर्वेक्षण यंत्रणेची निरीक्षण विहीर असेल तर तिच्या जुन्या नोंदींशी पडताळा घ्या.

आता हिशेब. समजा विहिरींच्या पट्ट्याचे क्षेत्र ५०० हेक्टर आहे. मे ते ऑक्टोबर पातळी सरासरी ४ मीटर वर आली. फुटक्या, मुरमाड बेसॉल्टच्या आकारमानात निथळून मिळणारे पाणी साधारण १ ते ३ टक्के असते, २ धरू. ५० लाख चौरस मीटर × ४ × ०.०२ = ४ लाख घनमीटर, म्हणजे ४०० टीसीएम (एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर). पावसाळा संपताना हातात असलेली पुंजी ती एवढी.

खर्चाची बाजू ऑक्टोबर ते मे, २४० दिवसांची. १,५०० माणसे, माणशी रोज ५५ लिटर: २० टीसीएम. ६०० मोठी जनावरे प्रत्येकी ५० लिटर आणि १,००० शेळ्या-मेंढ्या प्रत्येकी ८ लिटर: ९ टीसीएम. उरले ३७१. रब्बी कांद्याला हेक्टरी साडेपाच हजार घनमीटर धरले तर ६० हेक्टर कांदा ३३० टीसीएम पितो. उसाला या आठ महिन्यांत हेक्टरी पंधरा हजार धरा. २० हेक्टर ऊस ३०० टीसीएम संपवतो. कांदा आणि ऊस दोन्ही घेतले तर फेब्रुवारीतच खडखडाट.

हाच हिशेब वाईट वर्षासाठी मांडा. पातळी दीडच मीटर वर आली, तर पुंजी १५० टीसीएम. माणसे-जनावरे वजा जाता १२१. म्हणजे कांदा २२ हेक्टर, ऊस शून्य. जोखीम तपासायची ती या वर्षाची. चांगल्या वर्षी कोणतेही गाव तगते. ते २ टक्के हा अंदाज आहे आणि १ धरला तर पुंजी निम्मी होते, हे विसरू नका. निर्णय घेताना कमी आकडा धरावा.

हा तक्ता ग्रामसभेपुढे फळ्यावर मांडा. अहवालात पुरलेला ताळेबंद कोणी वाचत नाही. फळ्यावर "२० हेक्टर ऊस = साऱ्या गावाचे दहा वर्षांचे पिण्याचे पाणी" असे लिहिले की चर्चा आपोआप पेटते.

कोणाचे काय जाते

गावाचे 'बागायतदार, कोरडवाहू, भूमिहीन' असे तीन ढीग पुरत नाहीत. निदान एवढे गट वेगळे धरा: बोअरवाले बागायतदार; फक्त विहीर असलेले; पाच एकरांच्या आतले निव्वळ कोरडवाहू; ऊसतोडीला जाणारे; शेळ्यांवर जगणारे भूमिहीन; मेंढपाळ (बाहेरून येऊन गावाच्या माळावर बसणारेसुद्धा); एकल महिलांची घरे. प्रत्येक गटातली किमान पाच-सहा घरे, एकूण ३५-४० मुलाखती. मोठ्या गावात जास्त.

बैठक चावडीत किंवा देवळासमोर घेतली, तर दलित वस्तीतल्या आणि पारधी-वडार पालांवरच्या बायका येणार नाहीत. आल्या तरी बोलणार नाहीत. त्यांच्याच वस्तीत, दुपारी, आठ-दहा जणींचा गट करून बसा. प्रश्न विचारणारी बाईच असावी. सरपंच सौजन्याने सोबत यायला निघाले तर त्यांना तितक्याच सौजन्याने दुसऱ्या कामाला लावा.

प्रत्येक गटासाठी तीन रकाने भरा: झळ कितपत पोचते, पोचल्यावर किती लागते, आणि तगून राहायला हाताशी काय आहे. कसे भरायचे, त्याचा एक नमुना. चार शेळ्या असलेली भूमिहीन बाई. तिला पावसाच्या खंडाची थेट झळ नाही, तिचे पीकच नाही. पण खंडामुळे खुरपणीची मजुरी बुडते आणि गायरानावरचे गवत खुरटते. उन्हाळ्यात शेळ्या बाभळीच्या शेंगांवर निघतात. त्या बाभळी ओढ्याकाठच्या पडीक जागेत आहेत. हाताशी काय? बचत गटाचे कर्ज, आणि एक शेळी विकता येणे. म्हणजे तिची सगळी भिस्त दोन जागांवर: गायरान आणि ओढ्याकाठ. आता नेहमीचा पाणलोट आराखडा आठवा. गायरानावर चर आणि रोपे, मग चराईबंदी. ओढ्याचे खोलीकरण, त्यात काठच्या बाभळी साफ. हवामान बदलाने तिचे जेवढे नुकसान केले नसते, तेवढे उपायाने केले. पाणी वाढले ते विहीरवाल्याचे. हा रकाना भरल्याशिवाय नकाशावर एक रेघही ओढू नये, ते याचसाठी.

निर्देशांकाबद्दल थोडेसे. निरनिराळे आकडे ० ते १ मध्ये आणून (आकडा वजा किमान, भागिले कमाल वजा किमान) त्यांची सरासरी काढण्याची पद्धत सर्रास वापरतात. तालुक्यातली कोणती वीस गावे आधी घ्यायची, हे ठरवायला ती ठीक. गावाच्या आत तिचा उपयोग नाही: ०.६३ या आकड्यावरून गवत लावायचे की विहिरीवर नियम करायचा, हे कळत नाही. वापरलीच तर उलट्या निर्देशकांवर नजर ठेवा. साक्षरता वाढली की असुरक्षितता घटते, पाण्याचे अंतर वाढले की वाढते. दिशा न फिरवता केलेली बेरीज ही सर्वांत जास्त आढळणारी चूक.

शिवारफेरी

माथ्यापासून ओढ्यापर्यंत चालत जा. सोबत एक मेंढपाळ, एक लाकूडफाटा आणणारी बाई आणि एक म्हातारा शेतकरी हवाच. दर दोनशे पावलांवर थांबून उतार, मातीची खोली (पहारीने), गवत, झाडे आणि जागेवर हक्क कोणाचा, एवढे लिहा. लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या वनस्पती-प्राण्यांची गावानेच केलेली नोंद) झालेली असेल तर सोबत घ्या; नसेल तर या फेरीतून तिची सुरुवात होते.

गवताकडे नीट पाहा. पवना, मारवेल, शेडा टिकून असेल तर माळ जिवंत आहे. नुसती कुसळी असेल तर चराई जास्त झाली आहे, पण मुळे शाबूत आहेत. मातीच उघडी पडून मुरूम दिसत असेल तरच तो खऱ्या अर्थाने उजाड.

हा भेद महत्त्वाचा, कारण दख्खनचे माळरान म्हणजे तोडलेले जंगल नव्हे. ते मुळातच गवताळ आहे. तिथे जेसीबीने चर मारून गिरिपुष्प लावले तर गवत मरते, मेंढरांचा चारा जातो, आणि माळढोक, धाविक, लांडगा, काळवीट यांचा आसराही. जिवंत माळावर एकच उपाय: चराईची पाळी. वेडी बाभूळ आणि घाणेरी पसरली असेल तर ती मुळासकट काढणे. पण एकदम नाही, कारण गरीब घरांचे सरपण बहुधा तेच असते.

उपाय निवडताना

प्रत्येक उपायापुढे एक वाक्य पूर्ण लिहिता आले पाहिजे: 'अमुक गटाचे अमुक नुकसान, निसर्गातली अमुक क्रिया सुधारून, अमुक नियम पाळल्यास कमी होईल.' यातला नियमाचा भाग रिकामा राहिला तर उपाय गळाला असे समजा.

उजाड माथ्यावरचे सलग समतल चर घ्या. ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल चरात मीटरला ०.१८ घनमीटर पाणी मावते. हेक्टरी ४०० मीटर चर काढले तर ७२ घनमीटर, म्हणजे त्या हेक्टरवरून वाहणारे फक्त ७.२ मिमी पाणी. नेहमीच्या सरींना हे पुष्कळ आहे. पण एका रात्रीत १५० मिमी कोसळला तर चर भरून फुटणारच, आणि एक फुटला की खालचे ओळीने फुटतात. म्हणून चर अखंड न काढता मध्ये न खणलेले तुकडे ठेवा आणि जादा पाण्याला गवताची वाट ठेवा. माती खालच्या अंगाला, चराच्या काठापासून फूटभर सोडून. त्या मातीवर पहिल्याच पावसात पवना किंवा मारवेलची ठोंबे लावा. उशीर केला तर ती माती पुन्हा चरात येते.

समतल रेषा डोळ्यांनी आखू नये. ए-फ्रेम (इंग्रजी A च्या आकाराची, ओळंबा टांगलेली लाकडी चौकट) किंवा पाण्याची नळी वापरा. ए-फ्रेम आधी तपासून घ्या: दोन खुंट्यांवर पाय टेकवा, ओळंबा आडव्या काठीवर जिथे थांबेल तिथे खूण करा, पायांची अदलाबदल करून पुन्हा खूण करा, दोन खुणांचा मध्य म्हणजे समतल. हे पाच मिनिटांचे काम टाळले की चर उताराला लागतो, पाणी एका टोकाला धावते आणि तिथे घळ पडते. काळ्या खोल जमिनीत हे चर काढू नयेत. ती भेगाळते आणि काठ ढासळतात.

गायरानासाठी पाळी: तीन भाग करा, दर वर्षी एकच भाग मृगापासून दिवाळीपर्यंत बंद. बंद भागातले गवत विळ्याने कापून न्यायचे, आणि पहिला हक्क भूमिहीनांचा. मेंढपाळांचे मार्ग आणि पाणवठे मोकळे. संपूर्ण गायरान एकदम बंद केले तर सहा महिन्यांत कुंपण तुटते, आणि ते तोडणाऱ्याला दोष देता येत नाही.

ओढ्याकाठी पाच ते दहा मीटरचा पट्टा सोडून करंज, उंबर, निर्गुडी, बाभूळ जगू द्या. रोपे लावण्यापेक्षा असलेली खोडे फुटू देणे स्वस्त आणि खात्रीचे. गाळ काढायचा तर मूळ तळापर्यंतच. मुरूम फोडून खडकाला भिडणारे खोलीकरण केले की ओढा दोन्ही काठांच्या विहिरींचे पाणी स्वतःकडे ओढतो. पाणी दिसते ओढ्यात, जाते विहिरीतून, आणि उरलेले उडते उन्हाने. प्लास्टिक अस्तराचे शेततळे बोअरने भरणे हा प्रकारही त्याच माळेतला. तो व्यक्तीचा विमा असेल, निसर्गाधारित उपाय नाही.

शेतात सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरी: खंडात ओल धरते, अतिवृष्टीत पाणी काढते. दोन्ही बाजूंनी उपयोगी पडणारे असे उपाय थोडेच असतात. ते आधी घ्या.

नियम नसेल तर पाणी बोअरचे

भूजलावर नियम नसेल तर वर मुरवलेला प्रत्येक थेंब सर्वांत खोल बोअरवाल्याकडे जातो. हिवरे बाजारला सगळे चर आणि झाडे बघायला जातात. त्या गावाने ओलितासाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस-केळी लावायची नाही, आणि पावसानुसार ग्रामसभेत पिके ठरवायची, हे पाळले; ते मात्र फोटोत येत नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे, पण बोअरची गाडी रात्री गावात शिरते तेव्हा कायदा झोपलेला असतो. गावाचा ठराव आणि गाडी अडवणारी चार माणसे, एवढेच कामी येते. सुरुवातीला पूर्ण बंदीचा आग्रह धरू नका. 'नवे बोअर नाही, आणि ताळेबंदात बसेल तेवढेच उन्हाळी पीक' यावर एकमत झाले तरी पुष्कळ.

कागद आणि नोंद

जमीन वनखात्याची असेल तर परवानगी किंवा सामूहिक वनहक्काचा दावा आधी. काम सुरू झाल्यावर थांबवणे महागात पडते. मजुरीची कामे रोजगार हमीतून बसवा आणि ती उन्हाळ्यात, ऊसतोडीची माणसे गावात असताना काढा. सगळे ग्रामपंचायत विकास आराखड्यात ग्रामसभेच्या ठरावासह गेले पाहिजे.

पुढे दर वर्षी पाचच गोष्टी नोंदवा: टँकर सुरू झाल्याची तारीख, मे महिन्यातली विहिरींची पातळी, चारा विकत घ्यायला लागल्याचा पहिला दिवस, ऊसतोडीला गेलेल्या कोयत्यांची (नवरा-बायकोच्या जोड्यांची) संख्या, आणि त्या वर्षी जनावर विकावे लागलेली घरे. गटवार लिहा, सगळ्या गावाची सरासरी काढली की बोअरवाल्याचा फायदा आणि शेळीवालीचे नुकसान एकमेकांत बुडून जातात. शेजारच्या, काम न झालेल्या एका गावाचेही हेच आकडे घ्या. नाहीतर एका चांगल्या पावसाचे श्रेय चरांना दिले जाते आणि एका वाईट वर्षाने चांगले काम बदनाम होते. तिसऱ्या वर्षी शाळेतल्या पर्जन्यमापकाची वही उघडून पाऊस आणि पातळी शेजारी शेजारी मांडा. तेवढ्याच पावसात मे महिन्याची पातळी वर राहिली असेल तर काम लागू पडले आहे. राहिली नसेल तर आधी नवे बोअर मोजायला निघा.